लहानपणीचं कार्टून खऱ्या माणसांत उतरवताना काय जपायचं?

कांचन_पार्ले

गेल्या गणपतीत आमच्या कॉलनीतल्या मुलांनी मोगलीचं नाटक केलं. वेशभूषा माझ्याकडे होती. मी नोकरी बँकेत करते, पण शिवणाची आवड शाळेपासूनची. बल्लू अस्वलासाठी मंगलदास मार्केटमधून तपकिरी फरचं कापड आणलं, आत स्पंज भरला, डोकं कागदाच्या लगद्याचं केलं, नाक काळ्या रेक्झिनचं. चार रविवार त्यात गेले. तयार झाल्यावर ते थेट टीव्हीतल्या बल्लूसारखं दिसत होतं.

रंगीत तालमीला तळमजल्यावरच्या सातवीतल्या मुलाने ते अंगावर चढवलं. सप्टेंबरची घामट संध्याकाळ, त्यात माईकमध्ये घरघर येते म्हणून हॉलचे पंखे बंद. दहा मिनिटांत पोराला धाप लागली. त्याला आतून समोरचं दिसेना, त्याचं बोलणं बाहेर ऐकू येईना. खाली सतरंजीवर बसलेली बालवाडीतली मुलं गप्प झाली होती, एक तर आईच्या मांडीत तोंड खुपसून बसली. मी धावत जाऊन ते डोकं काढलं, सगळं अंगावरून उतरवलं, त्याला पाणी पाजलं. थोड्या वेळाने तो म्हणाला, मावशी, उरलेलं करून टाकू. बनियन, हाफपँट, कमरेला माझी तपकिरी ओढणी. पोट पुढे काढलं, पाय फाकवले, प्रत्येक पावलाला सगळं अंग या बाजूचं त्या बाजूला झुलवलं, आणि बोलण्याआधी एक लांबलचक "हंऽऽ" केलं. तीच बालवाडीतली मुलं ओरडली, "बल्लू आला!"

तेव्हापासून एकच विषय डोक्यात घोळतोय. टीव्हीवरचं कार्टून खऱ्या माणसांना घेऊन करायचं, आणि आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एका रांगेत बसून बघावं असं करायचं, तर त्यातलं नेमकं काय उचलायचं? गेले सहा-सात महिने मी असे सिनेमे शोधून शोधून बघतेय. माझं मत सांगते: रूप नाही, लकब उचलायची. चाल, आवाज, बोलण्याचा ठेका. बाकीचं त्यामागून.

याचं कारण मला टीव्ही कार्टूनच्या जन्मकथेतच सापडलं. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने १९४० पासून टॉम अँड जेरी केलं ते थिएटरसाठी. तिथे भरपूर चित्रं काढायला वेळ आणि पैसा होता, त्यामुळे मांजर-उंदीर जवळपास न बोलता सगळं अंगाने सांगायचे. १९५७ मध्ये दोघांनी स्वतःची कंपनी काढली आणि टीव्हीकडे वळले. टीव्हीकडून पैसा थोडा, भाग मात्र दर आठवड्याला हवा. मग चित्रं वाचवणं आलं. त्यांच्या योगी बेअर या अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय का आहे? धड तसंच ठेवून फक्त डोकं पुन्हा काढायचं, आणि सांधा कॉलरखाली लपवायचा, म्हणून. कुणी धावायला लागलं की मागे तेच झाड नि तोच दगड पुन्हा पुन्हा येतो, तेही त्यातलंच. हालचाल अशी कमी झाली आणि सगळा भार आवाजावर आला. म्हणजे आपण ज्याला त्या पात्राचं रूप म्हणतो त्यातलं बरंचसं काटकसरीतून आलंय, आणि आपला जीव जडला तो आवाजावर नि दोन-चार ठरलेल्या हालचालींवर. नव्या सिनेमात नेमकं उलटं होतं. काटकसरीतून आलेल्या त्या टायवर कोट्यवधी खर्च करतात.

२००२ चा स्कूबी-डू घ्या. मूळ मालिका १९६९ ची. सिनेमात कुत्रा संगणकावर केलेला, माणसं खरी, कपडे सगळ्यांचे मालिकेबरहुकूम. पण मला त्यात कुत्र्याचा भित्रा मित्र शॅगी तेवढा शॅगी वाटला, कारण मॅथ्यू लिलार्डने तो घशात चिरकणारा आवाज आणि गुडघ्यात ढिलं होऊन चालणं पकडलंय. पुढे शॅगीचा मूळ आवाज असलेले केसी केसम निवृत्त झाल्यावर कार्टूनमधल्या शॅगीसाठी लिलार्डलाच बोलावलं. पडद्यावरचा माणूस उलटा कार्टूनमध्ये गेला! यापेक्षा मोठी पावती नाही. १९८० च्या पॉपायमध्ये रॉबिन विल्यम्सला कोपरापुढे फुगीर नकली हात चढवले होते, पण लक्षात राहतं ते त्याचं तोंडातल्या तोंडात पुटपुटणं. जुन्या कार्टूनमधला पॉपाय असाच पुटपुटायचा. याउलट १९९४ च्या फ्लिंटस्टोन्समध्ये दगडी घरं, पायांनी पळवायची गाडी, सगळं इतक्या मेहनतीने उभं केलंय की मी सेटच बघत राहिले. जॉन गुडमन चांगला नट आहे, तरी तो त्या दगडांत हरवला.

यंदा आमच्याकडची मोठी मुलं म्हणतायत, नाटक नको, मोगलीवर वीस मिनिटांची फिल्म करू, मोबाइलवर, कॉलनीतल्याच वडाखाली. त्यामुळे हा माझ्यासाठी हातातल्या कामाचा प्रश्न आहे. तुमची मतं सविस्तर लिहा. या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी तर नक्कीच लिहा.

सुहास_लालबाग

धागा वाचून थेट १९९३ मध्ये गेलो. आमच्या मजल्यावर तेव्हा तीन टीव्ही होते. रविवारी सकाळी मोगलीचं शीर्षकगीत सुरू झालं की पोरं नळावरच्या बादल्या तशाच सोडून ज्याच्या घराचं दार उघडं असेल त्याच्या घरात घुसायची. मूळ मालिका जपानची, १९८९ ची, ५२ भागांची, हे मला फार उशिरा कळलं. गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजांचं संगीत, नाना पाटेकरांचा शेरखान. ते परक्या देशातून आलंय असं वाटायला जागाच नव्हती.

२०१६ मध्ये द जंगल बुक आला तेव्हा मुलीला घेऊन हिंदीतला बघितला. अमेरिकेच्या एक आठवडा आधी, ८ एप्रिलला आपल्याकडे लागला होता. हिंदीत शेरखानला पुन्हा नानाच. वाघ आधी अंधारात फक्त हलताना दिसला तोवर मी शांत होतो. तो बोलला आणि माझ्या अंगावर काटा आला. शेजारच्या रांगेतले माझ्याच वयाचे एक गृहस्थ नकळत पुढे सरकून बसले. आमच्या मुलांना त्यात काय झालं ते कळलं नाही, त्यांना तो फक्त एक भीतीदायक वाघ होता. कांचनताई, तुमच्या मुद्द्याला माझा पाठिंबा आहे तो या अनुभवामुळे.

आवाज_अंधेरी

मी डबिंग करते. बावीस वर्षं झाली, त्यातली निम्मी कार्टूनची.

कांचनताई, आवाजाबद्दल तुम्ही लिहिलंय ते आम्ही रोज अनुभवतो, पण त्यात एक भर घालते. कार्टूनचा आवाज जसाच्या तसा खऱ्या माणसाच्या तोंडी घातला तर तो चालत नाही. कार्टूनमध्ये ओठांचे मोजके आकार असतात: मिटलेले, थोडे उघडे, पूर्ण उघडे, गोल. त्यात श्वास नसतो. माणूस चार वाक्यं सलग ओरडला तरी छाती वरखाली होत नाही. त्यामुळे माईकसमोर आम्ही श्वास गाळतो किंवा नंतर कापून घेतो. खऱ्या माणसाचं डबिंग करताना पहिलं काम श्वास शोधण्याचं. नट बोलण्याआधी कुठे श्वास घेतो, कुठे गिळतो, कुठे नुसती जीभ हलते. तो श्वास चुकला तर ओठ कितीही जुळले तरी आवाज वरून चिकटवल्यासारखा वाटतो.

म्हणून तुमच्या त्या सातवीतल्या मुलाचं "हंऽऽ" मला फार मोलाचं वाटतं. त्याने बल्लूचा आवाज काढला नाही, बल्लूचा श्वास शोधला. वजनदार जनावर बोलण्याआधी हवा घेणारच.

दुसरी गोष्ट. सगळ्या कलाकारांनी एकत्र उभं राहून डबिंग करायचे दिवस मी सुरुवातीला थोडे पाहिले. एकाचं वाक्य संपता संपता दुसऱ्याचं यायचं, कुणी चुकलं तर सगळ्यांनी पुन्हा. आता प्रत्येकजण आपापल्या वेळेला येतो, हेडफोन लावतो, आपल्या ओळी करून जातो. मी एका मालिकेत दोन वर्षं एका पात्राची आई होते आणि त्या मुलाचा आवाज करणारीला एकदाही भेटले नाही. काम स्वच्छ होतं, पण दोन आवाजांमधली खेच हरवते. सिनेमा करताना मुलांना निदान आठवडाभर एकत्र बसवून नुसतं वाचून घ्या. कॅमेरा नंतर.

आणि करून बघायला एक: मुलांना कार्टूनचा एक भाग आधी टीव्हीकडे पाठ करून ऐकायला लावा. मग दुसरा भाग आवाज बंद करून दाखवा. कोणतं पात्र कशाने ओळखू आलं ते विचारा. प्रत्येक पात्राचा जीव कशात आहे ते तुम्हाला मुलंच सांगतील.

रोटो_मालाड

चौदा वर्षं व्हीएफएक्समध्ये, म्हणजे सिनेमातल्या संगणकी दृश्यांच्या कामात आहे, आधी रोटो (चित्रातली माणसं-वस्तू कडेने कापून वेगळ्या करणं), आता कंपोझिटिंग (वेगवेगळे तुकडे एका चित्रात जोडणं). धागा मनापासून आवडला, पण कांचनताई, "रूप नाही" याच्याशी मी सहमत नाही.

सॉनिकचं उदाहरण घ्या. तो मुळात व्हिडिओ गेममधला, पण प्रश्न तोच. २०१९ मध्ये ट्रेलर आला तेव्हा डोळे माणसासारखे छोटे आणि तोंडात माणसाचे दात होते. चाल-बोल ठीक होतं, तरी जगभरच्या लोकांना ते बघवलं नाही. त्यांनी सिनेमा पुढे ढकलला, पात्र नव्याने बनवलं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये आणलं. तेव्हा कुठे लोकांनी त्याला आपलं म्हटलं. माझ्या मते रूपातल्या दोन गोष्टींना हात लावायचा नाही: डोळ्यांचं माप आणि अंगाची बाह्यरेषा. सावली पडली तरी ओळखू आलं पाहिजे. केस, कातडी, कपड्याचा पोत यात मोकळीक आहे.

आणि चालही जशीच्या तशी उचलता येत नाही. कार्टूनमधल्या माणसाला वजन नसतं. तो कड्यावरून पुढे जातो, हवेत थांबतो, खाली बघतो आणि मग पडतो. कागदावर ते छान वाटतं. खऱ्या प्रकाशात, खऱ्या मातीवर तेच केलं की डोळा लगेच म्हणतो, खोटं. मी अशा शॉटवर आठ-आठ दिवस बसलोय. शेवटी काय जमतं? पाय टेकला की धूळ उडते, गवत दबतं, पोट अर्धा क्षण उशिरा हलतं. हे आलं की मग वरची लकब कितीही कार्टूनी ठेवा, चालून जाते. आधी वजन, मग लकब.

सुहासदादा, तुम्ही द जंगल बुकचा विषय काढलात म्हणून सांगतो. तो सगळा लॉस एंजेलिसमध्ये बंद जागेत चित्रित झालाय. खरा असलेला जवळपास एकटा मोगली झालेला नील सेठी. त्याला नजर कुठे ठेवायची, कुणाशी बोलायचं हे कळावं म्हणून बाहुल्या चालवणारे कलाकार समोर असायचे. दहा-बारा वर्षांच्या मुलाने हवेकडे बघून बोललं तर डोळ्यांत काही उतरत नाही. समोर कुणीतरी हललं, वाकलं, थबकलं की उतरतं. त्या कामाला ऑस्कर मिळालं आणि त्यातलं बरंच काम बंगळुरूच्या मुलांच्या हातचं आहे, याचा आम्हा लाइनीतल्या लोकांना अभिमान आहे.

खरे प्राणी का घेत नाहीत, असा प्रश्न येतो म्हणून तेही लिहितो. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्याकडून खेळ करून घ्यायला आपल्याकडे १९९८ पासून बंदी आहे. म्हणजे बल्लू, बगीरा, शेरखान तिघेही गेले. कुत्रा, घोडा वापरायचा तरी प्राणी कल्याण मंडळाकडे आधी अर्ज करावा लागतो. माझ्या मते हे चांगलंच झालं.

कांचन_पार्ले

रोटोदादा, तुमचं "आधी वजन, मग लकब" वाचलं आणि तालमीतलं एक दृश्य डोळ्यांसमोर आलं. आमच्या अजगराला, म्हणजे 'का'ला, आम्ही पाच मुली एकामागे एक, पुढचीच्या खांद्यावर हात, अशा उभ्या केल्या होत्या. वर एकच लांब हिरवी साडी. सगळ्या एकदम वळायच्या तोवर ती रांगच दिसत होती. त्यांना सांगितलं, पुढची वळली की मनात एक मोजा, मग तुम्ही वळा. शेवटची मुलगी सगळ्यात उशिरा वळली आणि साप झाला. तेव्हा मला ते जमलं पण का जमलं ते कळलं नव्हतं. आज कळलं. डोळ्यांच्या मापाचा मुद्दाही मान्य. माझ्या लगद्याच्या डोक्याला मी बटणाएवढे डोळे लावले होते. लहान मुलं घाबरली त्याचं तेही कारण असणार.

शरद_शिवाजीपार्क

वय ७४. माझ्या नातवाने हा धागा वाचून दाखवला, मग मीच वाचत बसलो.

तुम्ही सगळे परदेशी सिनेमांबद्दल बोलताय ते ठीक, पण हा प्रश्न आपल्या बालरंगभूमीने केव्हाच हाताळलाय. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये लिटल थिएटरतर्फे मधुमंजिरी आणलं, लिहिलं होतं रत्नाकर मतकरींनी. त्याआधी मुलांची नाटकं म्हणजे स्नेहसंमेलनात मुलांनी पाठ म्हणून दाखवायची गोष्ट. बाईंनी मुलांसाठी मोठ्या नटांना उभं केलं. मतकरींच्याच अलबत्या गलबत्यामध्ये दिलीप प्रभावळकरांची चेटकीण ज्यांनी पाहिली त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. चेटकीण कुणी प्रत्यक्ष पाहिलेली नसते, तिच्याशी हुबेहूब काय करणार? त्यांनी तिला एक कमरेतली वाक दिली, एक आवाज दिला, हाताच्या बोटांना एक चाळा दिला. पहिल्या रांगेतली मुलं मागे सरकायची आणि तरी नजर हटवायची नाहीत.

आणखी मागे जा. दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्यांची मौज नावाचा लघुपट केला, १९१५ च्या सुमारास. काडीला ना नाक ना डोळे. नुसती हालचाल. एक एक चित्र घ्यायचं, काडी कणभर सरकवायची, पुन्हा चित्र. त्या काळात हिंदुस्थानात बसून हे करणाऱ्या माणसाच्या नावाची चित्रनगरी आज गोरेगावात आहे. तिथे येणाऱ्या तरुण मंडळींना एकदा तरी आगपेटी देऊन बसवावं असं मला फार वाटतं.

मराठीत चिंटूवर २०१२ मध्ये सिनेमा आला. चिंटू कार्टून नव्हे, वर्तमानपत्रातली चित्रमालिका, तीही १९९१ पासूनची. पण आम्ही तो घरातल्या तीन पिढ्यांनी मिळून पाहिला. मला वाटतं मराठीत असं काम आणखी व्हायला हवं. आमची मुलं कार्टून हिंदीत बघतात, भांडतातही हिंदीत. खऱ्या माणसांचा सिनेमा झाला तर तो आपल्या बोलीत होऊ शकतो, ही संधी मला सगळ्यात मोठी वाटते.

निखिल_कुर्ला

सगळं वाचलं. माझं मत वेगळं आहे. करायचंच कशाला? कार्टून पूर्ण असतं. त्याला काही कमी पडलंय म्हणून कुणी खऱ्या माणसांत आणत नाही. जुनं नाव विकलं जातं म्हणून आणतात. माझ्या मुलाने आधी सिनेमा पाहिला आणि आता जुनी मालिका लावली तर म्हणतो, बाबा हे हलत नाही नीट. माझ्या लहानपणातली एक गोष्ट त्याच्यासाठी कायमची बंद झाली. याचं मला खरंच दुःख आहे.

शुभदा_घाटकोपर

निखिल, तुमचं दुःख समजतं. पण माझ्या मुलीकडे बघून मला दुसरी बाजू दिसते. तिचं लहानपण म्हणजे ढोलकपूर. छोटा भीम पोगोवर २००८ मध्ये आला, आणि ३१ मे २०२४ ला त्यावर खऱ्या कलाकारांचा सिनेमा लागला. यज्ञ भसीन भीम, सोबत अनुपम खेर, मकरंद देशपांडे. आम्ही पहिल्याच रविवारी गेलो. कार्टून बघताना ही मुलगी पोळीचा तुकडा हातात धरून, अर्धं लक्ष इकडे ठेवून बघते, कारण भीमाला काही होणार नाही हे तिला माहीत असतं. थिएटरात एक खरा मुलगा संकटात दिसला आणि तिने माझं मनगट धरलं ते बराच वेळ सोडलं नाही. घरी येताना रिक्षात विचारत होती, त्याला शूटिंगमध्ये लागलं असेल का?

कार्टूनला लागत नाही, मुलाला लागू शकतं. खऱ्या माणसांचा सिनेमा करायचं मला तरी हेच कारण दिसतं. आणि भीती किती ठेवायची हा प्रश्नही त्यातूनच येतो. द जंगल बुकला आपल्याकडे यू/ए, म्हणजे लहान मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघावा असं प्रमाणपत्र मिळालं होतं तेव्हा खूप लोक हसले. माझा मोठा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता आणि वाघ अंगावर आला तेव्हा खुर्चीखाली गेला होता. मी हसले नव्हते.

जुनं विकण्याबद्दल: २०१९ चा डोरा बघा. कार्टूनमधली डोरा प्रेक्षकांकडे बघून "म्हणून दाखवा" म्हणते. सिनेमात लहान डोरा जेवणाच्या टेबलावर तसंच करते आणि आई-वडील बघतच राहतात, ही बोलते कुणाशी? मग पुढे ती मोठी होते, शहरातल्या शाळेत जाते, तोच निरागसपणा तिला तिथे अवघड जातो. जुन्या सवयीतून नवी गोष्ट काढली. असं कुणी केलं तर मला ते हवंच आहे.

मृणाल_मुलुंड

सिनेमात मुलं असतील तर एक बाजू कुणीच लिहिली नाही, म्हणून लिहिते. माझ्या मुलाने तीन वर्षांपूर्वी एका जाहिरातीत काम केलं. कुठली ते महत्त्वाचं नाही. सकाळी आठला बोलावलं, त्याचा शॉट रात्री नऊला आला. मधे कुणी विचारलं नाही. रात्री त्याला हसायचं होतं आणि तो हसतही होता, पण घरी आल्यावर बूट न काढता झोपला. मला नियम माहीत नव्हते याची चुटपुट अजून लागते.

नियम असे आहेत, २०१७ पासूनचे: मुलाला दिवसात ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांपुढे विश्रांतीशिवाय नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दर ५ मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमायचा. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही, शाळेचं नुकसान होऊ द्यायचं नाही. आणि मुलाच्या कमाईतले निदान २० टक्के त्याच्याच नावाने बँकेत मुदत ठेवीत ठेवायचे.

कांचनताई, तुमची फिल्म घरगुती आहे, तिथे पगार नाही की कंपनी नाही. तरी ५ तास आणि ३ तास भिंतीवर लिहून लावा. कार्टूनच्या सिनेमात दिवस लांबतो तो मुलांमुळे नाही, वेशभूषा आणि मशीनमुळे. त्याचा भार मुलांवर येतो. तुमच्या त्या बल्लूच्या धापेचं वाचलं तेव्हा मला माझा मुलगा दिसला.

वकील_माहीम

थोडं हक्कांबद्दल. मोगलीची मूळ गोष्ट रुडयार्ड किपलिंगची, १८९४ ची. ते १९३६ मध्ये वारले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे मूळ गोष्ट केव्हाच मोकळी झाली. पण टीव्ही मालिकेतली चित्रं, तिथली पात्रांची रूपं, शीर्षकगीत, शेरखानचे ते संवाद, हे मोकळं नाही. कॉलनीत गणपतीला दाखवणं निराळं आणि इंटरनेटवर चढवणं निराळं. गाणं मुळीच वापरू नका, तुमच्यातल्या कुणाकडून नवं लिहून घ्या.

जाता जाता: किपलिंगचा जन्म आपल्या मुंबईतला, १८६५ चा, वडील जेजे कला शाळेत शिकवायचे, घर तिथल्याच आवारात. मोगली परका नाही तो असाही.

कांचन_पार्ले

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी अंधेरीच्या ताईंनी सांगितलेला प्रयोग केला. चौदा मुलं, आमचा हॉल, टीव्हीकडे पाठ. शेरखान आणि बल्लू पहिल्या शब्दाला ओळखले गेले. मोगलीला आवाजावरून थोड्यांनीच ओळखलं. मग आवाज बंद करून दुसरा भाग लावला. मोगली सगळ्यांनी ओळखला, धावता धावता हात टेकून चार पायांवर जातो त्यावरून. बगीरा मात्र दोन्ही वेळा एकाच मुलीने ओळखला. तिला विचारलं कसा, तर म्हणाली, "तो बोलायच्या आधी आणि चालायच्या आधी थांबतो." ती चौथीत आहे. बगीरा तिलाच दिलाय.

फर बाद. बल्लूला ओढणी आणि कांबळं, बगीराला काळा सदरा. तोंडावर काही नाही, फक्त डोळ्यांभोवती काजळाची मोठी रेघ, रोटोदादांच्या मापाची. गाणं माझी आई लिहितेय, मराठीत. पाच तास आणि तीन तास हॉलच्या दारावर लिहिलंय, मुलांनीच खडूने.

एकच अडलंय. शेरखान आम्ही दाखवणारच नाही, फक्त आवाज आणि हलणारं गवत. मग मोगलीने बघायचं कुठे? परवा तो आवाज करणाऱ्या काकांकडेच बघत होता.

रोटो_मालाड

काकांना कॅमेऱ्याच्या मागे बसवू नका, गवतात बसवा. झाडूच्या दांड्याला टेनिसचा चेंडू लावून त्यांच्या हातात द्या. चेंडू मोगलीच्या छातीच्या उंचीवर ठेवा, वाघ चार पायांवर असतो. आणि काकांना सांगा, बोलताना चेंडू हळूहळू पुढे आणायचा, थांबायचं, मग पुन्हा. येत्या रविवारी मला सुट्टी आहे. पार्ल्याला पूर्वेला उतरायचं ना? दांडा मी घेऊन येतो.